अम्मीच्या हातातले रियाल

उमऱ्याला निघालेल्या माणसाला आपल्याकडे खूप काही सांगितलं जातं. एहराम कसा बांधायचा, तवाफचे फेरे कसे लक्षात ठेवायचे, सई कुठून सुरू करायची, मदिन्यात जियारतीला कुठंकुठं जायचं. डब्यात शेंगदाण्याची चटणी किती न्यायची इथपर्यंत सांगणारे भेटतात. पैशाचा विषय निघाला की मात्र बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "ते सगळं पोराकडं दिलंय." पोराकडं म्हणजे नोटा पोराकडं, कार्ड पोराकडं, मोबाईल पोराकडं आणि कार्डाचा आकडाही पोराच्याच डोक्यात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातली पाच माणसं तेरहून उमऱ्याला जाऊन आली. अम्मी, फुफी, आम्ही नवरा-बायको आणि धाकटा भाऊ. अल्हम्दुलिल्लाह, सफर चांगला झाला. परत आल्यापासून गावातल्या, ढोकीच्या, धाराशिवच्या ओळखीच्या लोकांचे प्रश्न येतात, ते एहरामपेक्षा पैशाचे जास्त असतात. नोटा किती न्याव्यात? कार्ड चालतं का? रुपये तिथं बदलून मिळतात का? म्हणून जे आम्ही केलं आणि पाहिलं ते लिहून काढत आहोत.

आमच्याकडे हा विषय पहिल्याच दिवशी निघाला, कारण अम्मीनं तो काढला. तिच्या उमऱ्याचे पैसे तिचे स्वतःचे होते. वाकळा शिवून, शेळ्या पाळून आणि घरखर्चातून वाचवून तिनं ते वर्षानुवर्षं बँकेत टाकले होते. आम्ही हिशेबाला बसलो तेव्हा ती म्हणाली, "पैसे मेरे हैं, तो मेरे हात में रैना. मेरे को किसी के पास मांगना नई." बोलणं रागाचं नव्हतं, पण त्यात खरं होतं. बाईच्या मालकीचा पैसा तिचाच, त्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा हक्क नाही, हे दीननं आपल्याला शिकवलेलं आहे. तरी सफरीत तिला पाच रियालची खजूर घ्यायची असेल तर मुलाच्या खिशाकडं बघावं लागतं. म्हणून आमचं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती झालं. प्रत्येकाकडं स्वतःचे पैसे हवेत आणि ते वापरता आले पाहिजेत.

दोन चलनांचा हिशेब तेरच्या माणसाला नवा नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर, इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जातं, असं त्यानं नोंदवलं आहे. त्याच पुस्तकात भडोचच्या बाजाराबद्दल आणखी एक नोंद आहे. रोमची सोन्या-चांदीची नाणी तिथं आणली आणि देशी नाण्यांशी बदलली तर त्यात नफा होतो. म्हणजे चलन बदलताना दर बघावा लागतो, हे इथला माल विकणाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनांची नाणी आजही बघायला मिळतात.

इतकं मागं जायचीही गरज नाही. आमच्या दादांच्या काळी तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. घरात हाली सिक्का, बार्शीच्या बाजारात कलदार. ठरलेला दर होता सात हाली रुपयांना सहा कलदार. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसून बाजाराला जाणारा शेतकरी तोंडी हा हिशेब करायचा, आणि सराफ वर बट्टा किती कापतो तेही बघायचा. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं तरी हाली सिक्का लगेच गेला नाही, तो 1959 पर्यंत टिकला. दादा सांगायचे, दर सगळ्यांना माहीत असतो, माणूस फसतो तो बट्ट्यात. परदेशी चलन घेताना हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं.

हाजी लोकांसाठी तर एकेकाळी नोटाच वेगळ्या होत्या. 1959 साली रिझर्व्ह बँकेनं खास हजसाठी 10 आणि 100 रुपयांच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी एचए ही इंग्रजी अक्षरं असत. त्या देशात व्यवहाराला चालत नसत, तिकडं जाऊन बदलून घेण्यासाठीच होत्या. तिकडचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सौदी अरबमध्ये पूर्वी चांदीचे रियाल चालत. हजच्या दिवसांत हे वजन वागवणं जड जाई, म्हणून 1953 साली तिथल्या सरकारनं हाजींसाठी 10 रियालच्या कागदी पावत्या काढल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दू, फारसी, तुर्की अशा भाषांत मजकूर होता. लोकांना त्या इतक्या सोयीच्या वाटल्या की हाजी नसलेलेही वापरू लागले. सौदीच्या कागदी नोटांची सुरुवात अशी हाजींच्या सोयीतून झाली.

आता आपल्याकडच्या बदलाविषयी. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पूर्वी 2,100 रियाल कमिटीकडूनच मिळत. 2023 पासून ती पद्धत बंद झाली आणि चलनाची सोय ज्यानं त्यानं करायची असं ठरलं. उमऱ्याला तर आधीपासूनच ज्याची त्याची जबाबदारी असते. पॅकेजवाला तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि बहुधा जेवण बघतो. हातखर्च आपला.

आम्ही पंधरा दिवसांसाठी माणशी 1,000 रियाल धरले. टॅक्सी, चहापाणी, खजूर, तसबीह, मुलांसाठी काहीबाही आणि सदका. पाच जणांचे 5,000. त्यातले माणशी 300 प्रमाणे 1,500 रियाल नोटांत घेतले. उरलेले 3,500 दोन फॉरेक्स कार्डांवर भरले. एक कार्ड अम्मीच्या नावावर, त्यात तिचे आणि फुफीचे मिळून 1,400. दुसरं धाकट्याच्या नावावर, त्यात आम्हा तिघांचे 2,100. बँकेचं नेहमीचं डेबिट कार्ड फक्त अडीअडचणीसाठी बॅगेत ठेवलं. तीन वेगळ्या जागी पैसे असले की एक जागा हातची गेली तरी सफर थांबत नाही.

चलन घ्यायला गेलो तेव्हा कळलं की पासपोर्टबरोबर पॅन कार्डही लागतं. अम्मीचं होतं, फुफीचं नव्हतं, ते आधी काढून घेतलं. तुमच्या घरातल्या बायकांचं पॅन कार्ड नसेल तर ते काम दोन महिने आधी उरका. प्रवासाच्या साठ दिवस आधीपर्यंत चलन घेता येतं. रोख रुपये देऊन घ्यायचं असेल तर एका सफरीसाठी 50,000 रुपयांपर्यंतच, त्यापुढं चेकनं किंवा खात्यातून द्यावं लागतं. बाकीच्या बहुतेक देशांना जाताना नोटांच्या रूपात न्यायच्या चलनावर 3,000 डॉलरची मर्यादा असते. हज-उमऱ्याच्या प्रवाशांना त्यातून सूट आहे. पण सूट आहे म्हणून सगळं नोटांतच नेऊ नये, असं आमचं मत आहे. हरममध्ये गर्दी किती असते ते गेलेल्यांना विचारा.

अम्मीनं तिच्या हिश्शाचा चेक स्वतः दिला. त्यावर उर्दूत सही केली, तशीच तिची बँकेत नोंद आहे. काउंटरवरच्या माणसानं धाकट्याकडं बघून विचारलं, "कार्ड तुमच्याच नावावर ना?" अम्मी म्हणाली, "माझ्या." मग त्यानं सगळं तिलाच समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

दराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. 1986 पासून रियाल डॉलरला बांधलेला आहे, 3.75 रियाल म्हणजे एक डॉलर. त्यामुळं रियाल महाग झाला असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर डॉलरसमोर रुपया उतरलेला असतो. मोबाईलवर दिसणारा दर हा बाजारातला मधला दर असतो, त्या दरानं आपल्याला कुणी देत नाही. विकणारा थोडं वर लावतो. तोच आजचा बट्टा. "कमिशन नाही" अशी पाटी असली तरी दरातच कमिशन असतं. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "सगळं धरून 1,000 रियालला खात्यातून किती रुपये जाणार?" समजा एकजण 23 रुपयांनं देतो आणि दुसरा 23 रुपये 60 पैशांनं, तर 5,000 रियालमागं 3,000 रुपयांचा फरक पडतो. वर जीएसटी लागतो, पण 1 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर तो 0.18 टक्के, कमीत कमी 45 रुपये इतकाच असतो. विमानतळावरचा दर साधारणपणे सगळ्यांत महाग पडतो, तिथं घेण्याची वेळ येऊ देऊ नये. पावती मात्र घ्याच, आणि परत येईपर्यंत सांभाळा.

याच दिवसांत एका ओळखीच्या माणसानं स्वस्त दर सांगितला. रुपये इथं द्यायचे, मक्केत त्याचा माणूस हॉटेलवर रियाल आणून देणार, पावती वगैरे काही नाही. दर खरंच चांगला होता. आम्ही मौलानांना विचारलं. ते म्हणाले, चलनाच्या बदलाला फिकहमध्ये 'सर्फ' म्हणतात आणि त्याचा कायदा हातोहात देण्याघेण्याचा आहे. आज इथं दिलं आणि चार दिवसांनी तिथं मिळेल, हा व्यवहार त्यात बसत नाही. आपला 'सराफ' हा शब्दही त्या सर्फमधूनच आला, हे त्यांच्याकडून कळलं. देशाचा कायदाही हेच सांगतो. परदेशी चलन रिझर्व्ह बँकेनं परवाना दिलेल्या बँकेकडून किंवा चलन बदलणाऱ्याकडूनच घ्यायचं, बाकी सगळं बेकायदा. आणि मक्केत तो माणूस आलाच नाही तर तक्रार कुणाकडं करणार? इबादतीच्या सफरीची सुरुवात अशा पैशानं नको, म्हणून आम्ही नाही म्हणालो.

आता कार्डाविषयी. आपल्या गावाकडच्या खात्यांवर बहुतेक साधं रुपे कार्ड मिळतं. ते देशात उत्तम चालतं, परदेशात त्यावर भिस्त ठेवू नये. आपल्या कार्डाबद्दल बँकेत स्पष्ट विचारून घ्यावं. परदेशात चालणारं कार्ड असलं तरी ते आपोआप चालू नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून देतात. परदेशी वापर आपण स्वतः बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेत सांगून सुरू करायचा असतो. तिथंच रोजची मर्यादाही ठरवता येते. आम्ही ती कमी ठेवली आणि परत आल्यावर परदेशी वापर बंद केला. फोनवरून क्यूआर दाखवून पैसे देण्याची सवय मात्र गावातच ठेवून जावी.

डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँका दरावर साधारण 2 ते 3.5 टक्के जादा लावतात. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. सूद द्यायचा प्रसंग हरमच्या दारात कशाला यावा? आमच्यातल्या कुणीही क्रेडिट कार्ड नेलं नाही. फॉरेक्स कार्डात पैसे ज्या दिवशी भरले त्या दिवसाचा दर कायम राहतो, हा त्याचा मोठा फायदा. एटीएममधून रोख काढताना मात्र दर वेळी ठरावीक आकार कापला जातो. म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच हवे तेवढे काढावेत आणि दुकानात कार्डच द्यावं.

कार्ड हातात आलं म्हणून अम्मीला ते वापरता येईलच असं नव्हतं. कार्ड मुलाकडं आणि पिन नातवाला पाठ, अशी रीत किती घरांत आहे ते आपण जाणतो. तिनं कधी एटीएमला हात लावला नव्हता. निघायच्या आधी धाराशिवला तीन खेपा झाल्या, त्या तिन्ही वेळा आम्ही तिला तिच्या देशी कार्डावर एटीएममधून पैसे काढायला लावले. पहिल्या वेळी कार्ड उलटं गेलं. दुसऱ्या वेळी बटण दाबायला उशीर झाला आणि मशीननं व्यवहार बंद केला. तिसऱ्या वेळी 500 रुपये निघाले. ते तिनं मोजले, घडी घातली आणि पिशवीत ठेवले. फॉरेक्स कार्डाचा पिन तिनं स्वतः ठरवला. तो आम्हाला आजही माहीत नाही.

नोटा ओळखायच्या बाबतीत तर ती आमच्यापुढं निघाली. रियालच्या नोटेवर एका बाजूला अरबी आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आपल्या मराठी डोळ्यांना अरबी आकडे चकवतात. अरबीतला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि तिथला शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नासची नोट आम्हाला शून्य आणि ठिपका वाटायची. अम्मी आणि फुफी रोज कुरआनच्या पानांवर हेच आकडे बघतात, त्यांना नोट उलटून बघावी लागली नाही. भावाचा अंदाज लावायला अम्मीनं सोपा हिशेब बसवला, "चार को सौ." चार रियाल म्हणजे जवळपास शंभर रुपये. काटेकोर नाही, थोडा जास्तच धरलेला आहे, पण दुकानासमोर उभं राहून महाग की स्वस्त ठरवायला पुरतो.

एहरामच्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. पुरुषाच्या अंगावर दोन न शिवलेल्या चादरी. त्यांना खिसा नाही. कमरेचा पट्टा चालतो, असं आलिम सांगतात, पण तवाफच्या गर्दीत तो चाचपत बसलं की ध्यान इबादतीत राहत नाही. बायकांचे कपडे मात्र नेहमीचे, शिवलेले. निघण्यापूर्वी अम्मीनं आपल्या आणि फुफीच्या कुर्त्याला आतून चेनचा खिसा शिवला होता, तसाच सुनेच्याही. उमरा पूर्ण होईपर्यंत सगळ्या घराचे पैसे त्या तीन खिशांत होते. जे पैसे आपण "पोराकडं" देतो, ते त्या दिवशी पोरानंच अम्मीकडं दिले.

दुकानात कार्ड देताना मशीन कधी कधी विचारतं की रक्कम रुपयांत कापू की रियालमध्ये. दुकानदार बहुधा "इंडियन रुपी?" म्हणून स्वतःच बटण दाबायला जातो. आपल्याला रुपये ओळखीचे म्हणून आपणही मान हलवतो. तिथं रियालच म्हणायचं. रुपये म्हटलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि तो नेहमीच महाग असतो. फॉरेक्स कार्डात तर रियालच भरलेले असतात, ते रुपयांत नेऊन पुन्हा रियालमध्ये आणण्यात दोन वेळा बट्टा जातो. मदिन्यातल्या एका दुकानात खजुरीचे पैसे असेच रुपयांत कापले जाणार होते. अम्मीनं मशीनवर हात ठेवला आणि म्हणाली, "रियाल." दुकानदार हसला आणि त्यानं बटण बदललं.

या सगळ्या तयारीचा खरा उपयोग झाला तो मक्केतल्या तिसऱ्या रात्री. इशाच्या नमाजनंतर बाहेर पडताना गर्दीचा लोंढा आला आणि फुफी आमच्यापासून तुटली. फुफी सत्तरीची, मोबाईल तिला नीट वापरता येत नाही, अरबी येत नाही. आम्ही ठरलेल्या दरवाज्यापाशी थांबलो. धाकटा आत जाऊन शोधू लागला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. अम्मी तसबीह ओढत उभी होती, कुणी काही बोलत नव्हतं. मग हॉटेलवरून फोन आला की तुमची फुफी खोलीत पोचली आहे. प्रत्येकाच्या आतल्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता असलेलं कार्ड आणि सुट्टे 50 रियाल कायम ठेवायचे, ते खर्चायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं होतं. फुफीनं टॅक्सीवाल्याला कार्ड दाखवलं. त्यानं तीस म्हणून तीन बोटं दाखवली, तिनं दोन दाखवली. वीसवर गाडी ठरली. आम्ही पोचलो तेव्हा ती चहा पीत होती. सगळे पैसे एकाच खिशात असते तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. कार्ड हरवलं तर ताबडतोब बंद करावं लागतं, म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या बॅगेत ठेवा. तो फक्त मोबाईलमध्ये असेल आणि मोबाईलच गेला तर उपयोग नाही. आपल्या सिमवर ओटीपी येत असेल तर ते सिम तिकडं चालू राहील अशी सोय करून जा. घरी राहिलेल्यांनाही सांगून जा. आम्ही मक्केत असताना घरी पुतण्याला फोन आला, तुमच्या आजीचं कार्ड ब्लॉक झालंय, नंबर सांगा. बँक असा फोन करत नाही हे त्याला माहीत होतं, त्यानं फोन ठेवला. अशी फसवणूक झालीच तर देशात 1930 या नंबरवर लगेच कळवावं. जाताना 25,000 रुपयांपर्यंत भारतीय नोटा बरोबर नेता येतात. मक्केत त्या बदलूनही मिळतात, पण दर तिथला असतो. परतीच्या गाडीभाड्यापुरते रुपये ठेवावेत, जास्त नाही.

अम्मीनं तिचे 1,000 रियाल कसे खर्च केले ते तिनंच सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. 300 रियाल खजूर, तसबीह आणि जानमाजवर गेले. गल्लीतल्या सतरा घरांची यादी तिच्या डोक्यात होती, त्यात शेजारच्या कुंभारवाड्यातली दोन घरंही होती. 120 रियाल जेवणा-चहात. रोज फजरनंतर हरमबाहेर झाडणाऱ्या कामगारांपैकी एकाला ती दहाची नोट द्यायची. ती कुणाला दिली हे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही, आणि सदका असाच द्यायचा असतो. हे पैसे मुलाकडं मागून द्यावे लागले असते तर रोज किती, कशाला, कुणाला हे आलंच असतं. सव्वाचारशे रियाल तिनं परत आणले.

परत आणलेल्या चलनाचाही नियम आहे. 2,000 डॉलरपर्यंतच्या किमतीचं चलन जवळ ठेवता येतं, त्याहून जास्त असेल तर परतल्यापासून 180 दिवसांत परवानाधारकाकडं विकावं लागतं. नाणी कितीही ठेवता येतात. कार्डातली शिल्लकही रुपयांत परत मिळते, मात्र आपण अर्ज केला तरच. कित्येकांचे शे-दोनशे रियाल कार्डात तसेच पडून राहतात. विकतानाचा दर घेतानाच्या दरापेक्षा कमी असतो, त्यामुळं गरजेपेक्षा फार जास्त घेऊन जाण्यात फायदा नाही. अम्मी धाराशिवला जाऊन कार्ड रिकामं करून आली. रुपये तिच्या खात्यात जमा झाले, आणि पासबुकात नोंद करून घेईपर्यंत ती काउंटरवरून हलली नाही.

आता गल्लीतल्या बायका सल्ला विचारायला अम्मीकडं येतात. पुढच्या महिन्यात शेजारची खाला मुलगा-सुनेबरोबर निघाली आहे. परवा अम्मीनं तिला आतल्या खिशाचा कुर्ता शिवून दिला आणि विचारलं, "कार्ड किस के नाम पे लिये?" खाला म्हणाली, पोराच्या. अम्मी म्हणाली, "एक तेरे नाम पे भी ले. और नंबर किसी को बताना नई." सोमवारी दोघी मिळून धाराशिवच्या एटीएमला जाणार आहेत.

ज्या घरांतून कुणी या पाक सफरीला निघालं आहे, त्यांनी बॅगा भरायच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसावं आणि घरातल्या सगळ्यांत वडील बाईला आधी विचारावं, की तुझ्या हातात किती ठेवायचे. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो आणि उमरा कबूल करो. आमीन.